तिळ्यांच्या आधी दुरुस्ती हवी

प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळाला नाव नसतं. आपण म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे? बाराव्या दिवशी बारसं होणार, आत्या कानात कुर्र करणार, मग नाव. घरच्यांनी आधीच ठरवलेलं असलं तरी तोवर ते कुणी बोलून दाखवत नाही. हे आपल्याला माहीत आहे, मला माहीत आहे, वॉर्डातल्या मावशींना माहीत आहे. आमचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीला माहीत नव्हतं. माझ्या नोकरीतल्या सगळ्यांत त्रासाच्या, आणि आज आठवलं की सगळ्यांत हसवणाऱ्या, काही महिन्यांची सुरुवात इथून झाली.

नगर रस्त्यावरच्या एका प्रसूतिगृहाची मी व्यवस्थापक होते. खाटा, चादरी, ऑक्सिजन, लिफ्ट, महापालिकेला पाठवायच्या जन्माच्या नोंदी आणि नातेवाइकांचे राग, एवढं माझ्याकडे. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. झालेल्या कामावर रेघ मारली की मला जेवल्यासारखं वाटतं. प्रसूतिगृह ज्यांनी उभं केलं त्या डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. आवाज बारीक, शब्द मोजके, आणि एकही शब्द वाया न जाणारा.

खराडीला उसाच्या शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तसे आमचे पेशंट बदलले. पूर्वी वाघोली, केसनंद, लोहगावकडच्या लेकीसुना यायच्या. आता अमरावती, नागपूर, नांदेडहून नोकरीसाठी आलेली जोडपी येऊ लागली. खाटा वाढल्या, वह्या पुरेनात. प्रोग्रॅम घ्यावा हा आग्रह माझा. मोठ्या बाई म्हणाल्या, "घ्या. पण मला तुमच्या यंत्राला नमस्कार करायला लावू नका."

कंपनी जवळच, खराडीत होती. त्यांच्या चौथ्या मजल्यावरून आमची पाण्याची टाकी दिसायची. त्या मजल्यावरून उतरून आमच्या वॉर्डात यावं असं मात्र त्यांच्यापैकी कुणाला कधी वाटलं नव्हतं. आमच्यासाठी कंपनी म्हणजे निखिल. आवाज गोड, पंचविशीतला मुलगा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "शुअर मॅडम". वर्षभर मी त्याला फक्त फोनवर ओळखत होते.

आता दोष काय होता ते सांगते. तो मूळ प्रोग्रॅम साध्या दवाखान्यांसाठी लिहिलेला. तिथे एकच माणूस दोनदा येतो, दोन खिडक्यांवर दोनदा नोंदला जातो, त्याचे दोन केसपेपर तयार होतात. म्हणून कंपनीने सोय केली होती: नाव, आडनाव, जन्मतारीख आणि मुलगा की मुलगी हे सगळं सारखं असेल, तर प्रोग्रॅम न विचारता दोन कागदांचा एक करून टाकी. दवाखान्यासाठी उत्तम. पण आमच्या बाळांना नाव नाही, आणि नावाचा रकाना रिकामा सोडला तर प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. मग आमच्या सिस्टर तिथे काय लिहिणार? बाळ.

एकाच दिवशी दोन जाधवांकडे मुलगे झाले. प्रोग्रॅमच्या लेखी एकच बाळ जाधव. सकाळी एकाचं वजन नोंदलं, दुपारी दुसऱ्याचं. संध्याकाळी राउंडला मोठ्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि थोरात सिस्टरना विचारलं, "सकाळपासून अर्धा किलो वाढलंय हे. काय पाजलंत?"

थोरात सिस्टर मूळच्या केसनंदच्या, आमच्या मुख्य सिस्टर. त्या म्हणाल्या, "बाई, ही दोन पोरं हायती. मिशीन एकच म्हणतंय."

दोन जाधवांचं एक वेळ ठीक, रोज होत नाही. पण जुळी? आडनाव एक, तारीख एक, आणि दोन्ही मुली किंवा दोन्ही मुलगे असतील तर दर वेळी दोघांचं एक. दुसऱ्याचं वजन, दुसऱ्याची लस, दुसऱ्याची रक्ततपासणी, सगळं पहिल्याच्या कागदावर.

मी तक्रार केली. निखिल म्हणाला, "शुअर मॅडम, नोट करून घेतलंय." महिनाभराने विचारलं. "पायपलाइनमध्ये आहे." अजून काही आठवड्यांनी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. मी उत्साहाने उघडली. पहिल्या पानावर चोचीत बाळाचं गाठोडं धरलेला एक परदेशी पक्षी आला होता, बटणं गुलाबी झाली होती आणि प्रोग्रॅम सुरू करताना सतार वाजत होती. जुळी अजून एकच होती. सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं: काही किरकोळ दोष दूर केले.

"कोणते?" मी विचारलं.

"मायनर होते मॅडम."

"अहो, पण कोणते?"

त्यातला एक नंतर मला कळला. आमच्या डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी कंपनीचं नाव अर्धवट छापलं जात होतं. ते मी सहज बोलता बोलता सांगितलं होतं, आणि ते दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं होतं. त्याच कार्डावर प्रत्येक बाळंतिणीच्या नावामागे "श्री." छापलं जाई, ते तसंच राहिलं.

तोवर आमच्या सिस्टरांनी आपला मार्ग काढला. नाव लागतं ना? मग तात्पुरतं नाव द्यायचं. मिठायांची नावं ठरली. जुळ्यांतला पहिला पेढा, दुसरा लाडू. मुली असल्या तर बर्फी आणि जिलबी. वॉर्डात आनंदीआनंद. आया विचारायच्या, "आमची जिलबी उठली का हो?" पण एकदा डिस्चार्ज कार्डावर "लाडू" तसंच छापलं गेलं. बाळाचे आजोबा पेठेतले. कार्ड टेबलावर ठेवून ते मला म्हणाले, "आमच्याकडे नाव बारशाला ठेवतात. दवाखान्याने तसदी घेऊ नये. आणि ठेवायचंच होतं तर निदान साजूक तुपातलं काही ठेवायचं."

मी माफी मागितली. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच दोन वेगवेगळ्या पाळ्यांतल्या दोन सिस्टरांनी दोन वेगवेगळ्या पवारांचं नाव लाडू ठेवलं. लाडू सगळ्यांनाच आधी आठवतो. दोन्ही पवारांचा पुन्हा एक झाला.

हे सगळं मी निखिलला प्रामाणिकपणे, मिठायांसकट कळवलं. उत्तर आलं: ग्राहकाकडे पर्यायी उपाय उपलब्ध आहे, सबब प्राधान्य कमी केले.

हसू येतं, पण एक दिवस हसण्यासारखा नव्हता. जुळ्या मुली. धाकटीची कावीळ वाढत होती आणि पडद्यावर थोरलीचा चांगला अहवाल दिसत होता. मोठ्या बाईंनी पडदा पाहिला, मग मुलीला खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं आणि ताबडतोब पुन्हा रक्त तपासायला लावलं. मुलगी निळ्या दिव्याखाली चार दिवस राहून बरी झाली. पण त्या दुपारी बाईंनी मला खोलीत बोलावलं.

"पाच नंबरमध्ये कोण आहे, सबनीसबाई?"

"स्नेहल वानखडे."

"तिला तिळी आहेत. वेळेआधी होणार, लहान होणार, काचेच्या पेटीत राहणार. रोज प्रत्येकाचं रक्त तपासायला लागेल. ती तीन बाळं या यंत्रात एक होता कामा नयेत. तिची वेळ येईपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर हे सगळं उचलायचं आणि वह्या आणायच्या."

वह्या आणणं सोपं नव्हतं. तळमजल्यावरची लॅब, बाळांची अतिदक्षता खोली, औषधांचं दुकान, सगळं त्या प्रोग्रॅमने जोडलेलं होतं. आणि आधी मुलगा की मुलगी हे पाहायचं नाही, कायदाच आहे. त्यामुळे तिघांपैकी किती जण एकमेकांत मिसळणार, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

स्नेहल यवतमाळची. खराडीतल्याच दुसऱ्या एका कंपनीत कामाला होती, नवऱ्याबरोबर वाघोलीला राहायची. सातवा महिना लागल्यापासून आमच्याकडे झोपून होती, पायांखाली उशा, हातात लॅपटॉप. तिचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे लिहितात आणि ही तो मोडून दाखवते. बाईंच्या परवानगीने मी तिला सगळं सांगितलं. तिच्याच बाळांचा प्रश्न होता. मला वाटलं, घाबरेल. ती कोपरांवर उठून बसली.

"म्हणजे माझ्या तिघांचं एकच करून राहिले का ते? दाखवा बरं तुमची तक्रार."

मी दोन पानांचं पत्र दाखवलं. सविनय, सप्रेम, कृपया लक्ष घालावे, सगळं होतं.

"मॅडम, ही तक्रार आहे की लग्नाची पत्रिका? हे कोणी वाचत नाही. तीनच गोष्टी लिहायच्या. मी काय केलं. काय व्हायला पाहिजे होतं. काय झालं. आणि ते लाडू-पेढ्याचं काढा पहिले. तुम्हीच त्यांना सांगून राहिल्या की आमचं निभतंय!"

मग तिने मला तो धंदा समजावून सांगितला. दोष किती वाईट आहे ही एक गोष्ट. आधी कोणता काढायचा ही दुसरी. दुसरी ठरते कोण मोठा ग्राहक आहे, कोण सोडून जाईल आणि नव्या आवृत्तीत काय चमकेल यावर. "पक्षी चमकतो ना मॅडम. जुळी दुरुस्त केली तर कोणाला काय दिसते? जिथे चूक नाही तिथे दिसायला काहीच नसते."

"तुमच्या कंपनीतही असंच?"

"अगदी असंच," ती खुशीत म्हणाली. "म्हणून तर मला माहीत आहे."

ग्राहक मोठा हवा, तर तो होऊ, असं मी ठरवलं. हाच प्रोग्रॅम वापरणारी शहरातली इतर प्रसूतिगृहं मला माहीत होती. तिथला कारभार पाहणाऱ्या बायकांचे फोन नंबर माझ्याकडे होतेच. मी एकेकीला फोन लावला. सगळ्यांकडे हेच चाललं होतं. कुणी फुलांची नावं देत होतं, कुणी वारांची. स्नेहलच्या तीन ओळी मी सगळ्यांना वाचून दाखवल्या आणि एकाच दिवशी, त्याच शब्दांत, सगळ्यांनी तक्रार नोंदवली.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. सर्व तक्रारींचा मजकूर सारखा आढळल्याने त्या एकाच तक्रारीत विलीन करण्यात आल्या आहेत. बाधित ग्राहक: एक.

मी ते स्नेहलला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की खाट हलायला लागली. थोरात सिस्टर धावत आल्या. "ए पोरी, हसू नगंस! पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय तुला. आन् तुमी बी मॅडम, काय जोक सांगताय हिला?"

"सिस्टर," स्नेहल डोळे पुसत म्हणाली, "त्यांनी आपल्यालाही लाडू करून टाकलं."

मग आम्ही नियम बदलला. प्रत्येकीने आपल्या शब्दांत, आपल्या वॉर्डातलं लिहायचं. सदाशिव पेठेतल्या एका मेट्रनबाईंचं पत्र मला आजही पाठ आहे: "आपल्या प्रोग्रॅमनुसार आमच्याकडे काल जुळी झालेली नाहीत. आई मात्र दोघांना पाजत आहे. कृपया तिची समजूत घालण्यास आपला माणूस पाठवावा." हे पत्र कंपनीच्या सर्वांत वरच्या साहेबांपर्यंत गेलं, असं निखिलनेच मला सांगितलं. दोन दिवसांत त्याचा फोन.

"मॅडम, एस्कलेट झालंय. फिक्स पण झालाय."

"वा! मग द्या."

"रिलीजमध्ये येईल ना. पुढच्या क्वार्टरला."

"दुरुस्ती तयार आहे, आणि तुम्ही ती तीन महिने ठेवून घेणार?"

"एकेक फिक्स सुटा देत नाही आपण. मोठ्या हॉस्पिटलच्या बिलिंगचं काम त्याच रिलीजमध्ये आहे. सगळं टेस्ट होऊनच जातं."

औषध कपाटात तयार आहे, पण कपाट तिमाहीतून एकदा उघडतं. डॉक्टरने असं सांगितलं असतं तर लोकांनी काचा फोडल्या असत्या. मी फोन स्नेहलकडे दिला.

"दादा, मी स्नेहल. तपासायला माणूस नाही ना तुमच्याकडे? मला पाठवा. मी दिवसभर पडूनच राहिली."

"मॅडम, आपण कोणत्या कंपनीतून?"

"मी पाच नंबरच्या खाटेवरून."

काय जादू झाली माहीत नाही, दोन दिवसांनी त्याने चाचणीची प्रत पाठवली. स्नेहलने ती लॅपटॉपवर चढवली. मी शेजारी बसून होते. तिने खोटी जुळी घातली. आता तिथे एक नवी खूण आली होती: जुळं आहे का? हो म्हटलं, तर दोन ओळी. मी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांबा," ती म्हणाली आणि तिसरं बाळ घातलं. तिसरं दुसऱ्यात गडप. ओळी दोनच.

तिने पोटावर हात ठेवला, अगदी क्षणभर. मग फोन उचलला. "दादा, तिसरं गायब होऊन राहिलं तुमच्याकडे."

"तिसरं? पण मॅडम, तिळी कुठे होतात?"

"इथेच. याच खोलीत. लवकरच."

मग, प्रथमच "शुअर मॅडम" न म्हणता, निखिल म्हणाला, "सांगा, काय करायला हवं?"

तिने सांगितलं. नावाची सक्ती काढा. आणि दोघांचं एक करण्याआधी माणसाला विचारा. एवढंच. "माणूस बसला आहे ना समोर? त्याला विचारायला काय जाते?"

दुरुस्ती सोमवारी येणार असं ठरलं. स्नेहलचं सिझेरियन त्यानंतरच्या आठवड्यात होतं. पण गुरुवारी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. मोठ्या बाई हात धुवायला गेल्या, जाताना माझ्याकडे फक्त पाहून गेल्या. मी निखिलला फोन केला. "आजच. आत्ता."

"मॅडम, झालंय, पण बाकी रिलीजचं..."

"निखिल, ती थिएटरमध्ये गेली आहे. बाळांना तुमच्या तिमाहीचं काही माहीत नाही."

पाऊण तासात तो स्वतः आला. वर्षभर फोनवर ऐकलेल्या आवाजाला पहिल्यांदा चेहरा मिळाला. चष्मा, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात सीडी, आणि चपला बाहेर काढाव्यात की नाही या विचारात दारात अडकलेला. साहेबांना विचारलं का, असं मी विचारलं. "सांगून आलोय," तो म्हणाला. "उत्तर ऐकायला थांबलो नाही." मी त्याला अतिदक्षता खोलीबाहेरच्या टेबलावर बसवलं.

सीडी फिरत होती तेवढ्यात थिएटरचं दार उघडलं आणि पहिली आली. हिरव्या कपड्यात गुंडाळलेली, मुठीएवढं तोंड, आवाज मात्र सगळ्या मजल्यावर. मग दुसरी. मग तिसरी, सगळ्यांत लहान, जरा उशिराने रडली, तोवर आम्ही कुणी श्वास घेतला नाही. तिन्ही मुली. आडनाव एक, तारीख एक, तिघीही मुली. प्रोग्रॅमसाठी याहून कठीण पेपर काढता आला नसता. बाहेर स्नेहलचा नवरा अमोल भिंतीला टेकून हसत होता आणि रडत होता, दोन्ही एकदम.

थोरात सिस्टर टेबलाशी आल्या. निखिल उठायला लागला तर म्हणाल्या, "बस तू. बगूया तुजं काम." त्यांनी पहिली नोंदली. नावाचा रकाना रिकामा सोडला. प्रोग्रॅमने कुरकुर केली नाही. दुसरी नोंदली. पडद्यावर प्रश्न आला: ही आधीच नोंदलेली व्यक्तीच आहे का? सिस्टरनी मोठ्याने उत्तर दिलं, "न्हाई रं बाबा," आणि मग बटण दाबलं. तिसरी नोंदली. पुन्हा प्रश्न, पुन्हा "न्हाई."

तीन ओळी. तीन वजनं. तीन नंबर. मावशी, लॅबवाले, पाळीला आलेल्या सिस्टर, सगळे टेबलामागे गोळा झाले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. निखिल पडद्याकडे पाहतच नव्हता. काचेपलीकडे तीन पेट्यांकडे पाहत होता. "मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "एवढी लहान असतात?"

मोठ्या बाई बाहेर आल्या, मास्क उतरवला, पडद्यावरच्या तीन ओळी बोट ठेवून वाचल्या. "वह्या नकोत," एवढंच म्हणाल्या आणि चहा मागवला. मला त्या बाईंकडून इतकी मोठी शाबासकी पुन्हा मिळाली नाही.

त्या कंपनीची पुढची कथा फारशी गोड नाही. आम्ही पाठवलेल्या बऱ्याच तक्रारी तशाच राहिल्या, "श्री." तर ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन होईपर्यंत छापलं जात होतं. निखिलही वर्षभरात नोकरी सोडून गेला. चांगली माणसं फोनच्या त्या टोकाला टिकत नाहीत, याची खंत मला आजही आहे. पण तो गुरुवार त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "मॅडम, तक्रार क्लोज करू ना? साहेब विचारताहेत."

मी म्हटलं, "तपासणाऱ्या बाईंना विचारते."

दुपारी बाईंच्या परवानगीने थोरात सिस्टरनी स्नेहलला चाकाच्या खुर्चीतून आणलं. आधी ती काचेपाशी थांबली. एकेका पेटीकडे पाहत, बोट न दाखवता, ओठांतल्या ओठांत तीनपर्यंत मोजलं. बराच वेळ तिथेच राहिली. मग म्हणाली, "आता पडदा दाखवा."

मी खुर्ची टेबलाशी नेली. अमोल सुपाचा थर्मास घेऊन मागे उभा. तिने तिन्ही कागद उघडले. वजन, वेळ, रक्ताचा अहवाल, प्रत्येकीचा तिच्या तिच्या पेटीशी ताडून पाहिला. सगळं जिथल्या तिथे.

"मग कळवू त्याला, बंद कर म्हणून?" मी विचारलं.

"थांबा ना मॅडम, घाई काय करून राहिल्या?" ती म्हणाली. "आता चौथं टाकून बघा."

अमोलच्या हातून थर्मास निसटला. सिस्टरनी तो वरच्या वर झेलला. "अगं बाई, तीन बास हायती की!"

मी चौथं टाकलं. प्रोग्रॅमने शहाण्यासारखं विचारलं, आम्ही नाही म्हटलं, आणि चौथी ओळ उमटली. स्नेहलने ती नीट वाचली, मान हलवली आणि पुसून टाकली.

"आता करा बंद," ती म्हणाली.

मी निखिलला तसं कळवलं. स्नेहलला खोलीत नेऊन परत आले, तरी अमोल टेबलापाशीच होता. चौथी ओळ पुसली गेली आहे ना, हे वाकून वाकून पाहत.